खऱ्या बोर्डांवरची कर्नल चाचणी आणि सामायिक लॅब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स कर्नलमधले, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातले, बदल खऱ्या हार्डवेअरवर, म्हणजे छोट्या सर्किट बोर्डांवर, तपासणाऱ्या लॅब जगभर विखुरलेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा एकमेकींशी जोडलेल्या आहेत. पुण्या-मुंबईतली एम्बेडेडवाली (उपकरणांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणारी) मंडळी आणि इंजिनिअरिंगची मुलंमुली भेटली की या विषयावर तेच तेच प्रश्न येतात. मी एक छोटी लॅब सांभाळतो, त्यामुळे ते माझ्याकडे वळवले जातात. उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवतोय. काही लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत.

सॉफ्टवेअर तपासायला हार्डवेअरची लॅब कशाला?

कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. बदल करणाऱ्याच्या टेबलावर फार तर चार-पाच बोर्ड असतात. त्याने क्लॉक (चिपच्या भागांना ठेका देणारा संकेत), पिन कंट्रोल (चिपची कोणती पिन कशाला) किंवा डीएमएच्या (प्रोसेसरविना डेटा हलवण्याच्या) सामायिक कोडमध्ये एक ओळ हलवली, की तिचा परिणाम त्याने कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या शेकडो बोर्डांवर होतो. ते बोर्ड कुणाकडे ना कुणाकडे असतातच. पण ज्याच्याकडे बोर्ड आहे त्याला बदलाची खबर नसते, आणि ज्याने बदल केला त्याच्याकडे बोर्ड नसतो. बोर्डवाल्याला बिघाड कळतो तो सहा-आठ महिन्यांनी, आपल्या प्रॉडक्टचा कर्नल वर न्यायला घेतल्यावर. तोवर मूळ लेखक तिसऱ्याच कामात असतो. हे अंतर सहा महिन्यांवरून एका दिवसावर आणायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

क्यूईएमयूवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली मशीनवर, भागत नाही का?

बरंचसं भागतं, आणि जे भागतं ते तिथेच करावं. गूगलचा सिझबॉट हा आपोआप चालणारा तपासनीस कर्नलमधले ढीगभर बग व्हर्च्युअल मशीनवरच पकडतो. पण काही बिघाड तिथे दिसणारच नाहीत.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. बूट संपत आलं की कर्नल साफसफाई करतो. कोणत्याही ड्रायव्हरने मागितलेलं नाही असं जे क्लॉक चालू दिसेल ते बंद करतो, वीज वाचते. आता बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालून त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) एखाद्या बसचं (चिपमधल्या डेटामार्गाचं) क्लॉक चालू करून ठेवलंय आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे त्याच्या यादीत) त्याची नोंद करायची राहून गेलीय, असं समजा. सिरियलवर (बोर्डाचा मजकूर बाहेर आणणाऱ्या तारेवर) ओळी सरसर येत असतात आणि मध्येच थांबतात. पॅनिक नाही, ऊप्स नाही (हे कर्नलचे बिघाडाचे मेसेज), काहीच नाही. क्यूईएमयूवर तोच कर्नल शांतपणे लॉगिनपर्यंत जातो, कारण तिथे बंद पडायला खरं क्लॉकच नसतं. रेग्युलेटरची व्होल्टेज, इथरनेटच्या पीएचवायचं (केबलशी बोलणाऱ्या चिपचं) रीसेट, सस्पेंडमधून परत जागं होणं, तापमान वाढल्यावर स्पीड कमी करणं, या सगळ्याची गत तीच.

कर्नलसीआय म्हणजे काय आणि ते चालवतं कोण?

आर्म बोर्डांवर रोज कर्नल बूट करून पाहणाऱ्या, लिनारोशी (आर्म चिपसाठी लिनक्सवर काम करणाऱ्या संस्थेशी) संबंधित काही मंडळींनी २०१४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. ऑक्टोबर २०१९ मध्ये, फ्रान्समधल्या लिऑनच्या ओपन सोर्स समिटमध्ये, तो लिनक्स फाउंडेशनखाली आल्याचं जाहीर झालं. तेव्हाचे संस्थापक सदस्य होते बेलिब्र, सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म, कोलॅबोरा, फाउंड्रीज डॉट आयओ, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि रेड हॅट. कर्नलसीआय कर्नल बिल्ड करतं, जोडलेल्या लॅबना जॉब पाठवतं आणि आलेले निकाल एकत्र करतं. बोर्ड मात्र त्या त्या लॅबच्या मालकाचेच राहतात.

मग सगळे बोर्ड एकाच मोठ्या जागी का नाही ठेवत?

प्रश्न रास्त आहे. एका जागी ठेवले तर देखभाल सोपी होईल. पण कोणते बोर्ड ठेवायचे हे मग एकच कोणीतरी ठरवणार, आणि त्याला ज्यात रस नाही ते बोर्ड गळणार.

विखुरलेल्या लॅबमध्ये प्रत्येकाचा स्वतःचा स्वार्थ असतो आणि गाडा त्यावरच चालतो. सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्मचं बघा. वीजनिर्मिती केंद्रं, रेल्वे असल्या ठिकाणी एकदा बसवलेली यंत्रणा पंधरा-वीस वर्षं हलत नाही, म्हणून २०१६ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प निवडक कर्नल निदान दहा वर्षं सांभाळतो. त्यांना आपल्या औद्योगिक बोर्डांवर जुना कर्नल रोज चालतोय याची खात्री हवी असते, तेव्हा ते बोर्ड स्वतःच लावतात. फ्रान्समधली बूटलिन ही कंपनी चिप बनवणाऱ्यांसाठी ड्रायव्हर लिहून मूळ कर्नलमध्ये पाठवते. आपण पाठवलेला कोड दुसऱ्या कुणी मोडू नये, ही तिची गरज. म्हणून तिने ऑफिसातच बोर्डांनी भरलेलं कपाट उभं केलं. आपण ज्यावर पोट भरतो तो बोर्ड कुणी न सांगता चालू ठेवतो. परोपकार म्हणून लावलेला बोर्ड पहिल्या बिघाडानंतर धूळ खात पडतो.

प्रत्यक्ष एक टेस्ट होते तरी कशी?

लाव्हा या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लॅबचं सांगतो, कारण कर्नलसीआयच्या बहुतेक लॅब त्यावरच आहेत. लाव्हा ही मुळात लिनारोची निर्मिती.

कर्नल इमेज, डिव्हाइस ट्री आणि मॉड्यूल क्लाउडवर बिल्ड होऊन पडलेले असतात. लॅबच्या सर्व्हरला याम्ल या साध्या मजकुराच्या नमुन्यात लिहिलेला एक जॉब येतो: अमुक प्रकारचा बोर्ड हवा, अमुक फायली, अमुक टेस्ट. लाव्हा त्या प्रकारचा मोकळा बोर्ड शोधतो आणि फायली टीएफटीपीच्या (नेटवर्कवरून बूटच्या फायली देणाऱ्या सोयीच्या) फोल्डरमध्ये उतरवतो. मग रिलेने (पीसीवरून चालू-बंद करता येणाऱ्या स्विचने) बोर्डाची वीज तोडतो, काही सेकंद थांबतो, परत देतो. सिरियलवर यू-बूट हा बूटलोडर बोलू लागतो. ऑटोबूट थांबवायचं तर की दाबा, ही ओळ दिसली रे दिसली की लाव्हा की पाठवतो. उशीर झाला तर बोर्ड आपल्या पोटातला जुनाच कर्नल सुरू करून मोकळा होतो. प्रॉम्प्ट मिळाला की आयपी पत्ता घेणं, कर्नल कोणत्या मेमरी पत्त्यावर उतरवायचा ते सांगणं, बूटचे आर्ग्युमेंट देणं, हे माणूस टाइप करेल तसंच ओळीमागून ओळ टाइप केलं जातं. नंतर कर्नलचा लॉग सुरू होतो. त्यात पॅनिक दिसतोय का, लॉगिन येतंय का, यावर लाव्हाची नजर असते. प्रत्येक टप्प्याला टाइमआउट असतो. शेल (कमांड द्यायची जागा) मिळालं की टेस्ट चालतात, आणि शेवटी वीज बंद.

या सगळ्याचा आधार म्हणजे सिरियलवर येणारा मजकूर, आणि दुखणंही तिथेच आहे. टेस्टचा निकाल छापला जात असतानाच कर्नलने स्वतःचा एखादा मेसेज त्याच ओळीत घुसवला, तर निकालाची ओळ फाटते आणि लाव्हाला ती ओळखू येत नाही. टेस्ट पास झालेली असते, नोंद मात्र होत नाही. टेस्ट सुरू होण्याआधी कन्सोलवरच्या मेसेजची पातळी खाली आणली की हा त्रास बराच कमी होतो. बोर्डाला दुसरा सिरियल पोर्ट असेल तर टेस्ट तिकडे वळवावी, हे सर्वात उत्तम.

लॅब उभी करायला काय काय लागतं?

बोर्ड, वीज तोडायची-जोडायची दूरस्थ सोय, प्रत्येक बोर्डाला एक सिरियल केबल, नेटवर्क स्विच आणि लिनक्स चालणारा एक पीसी. जुना डेस्कटॉप चालतो. रॅकमध्ये बसणारा, पोर्टगणिक वीज बंद करता येणारा पीडीयू (वीज वाटणारी पट्टी) महाग पडतो. पाच आणि बारा व्होल्टच्या बोर्डांना यूएसबी किंवा इथरनेटवर चालणारा आठ रिलेंचा मॉड्यूल पुरतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा माल सहज मिळतो.

पैसे वाचवायचे नाहीत ते केबलमध्ये. स्वस्त यूएसबी-सिरियल केबलना स्वतःचा वेगळा सिरियल नंबर नसतो. काहींना तो नसतोच, आणि एका लोकप्रिय चिपच्या केबलमध्ये बऱ्याचदा सगळ्यांचा ०००१ असतो. अशा चार केबल एका पीसीला लावल्या की रीबूटनंतर कोणती कोणत्या बोर्डाची, हे पीसीला सांगता येत नाही. मग यूएसबी हबचं भौतिक पोर्ट बघून नाव देणारे यूडेव्ह नियम लिहावे लागतात, आणि सफाई करणाऱ्याने केबल काढून शेजारच्या पोर्टात घातली की बारा वाजले. वेगळा नंबर असलेल्या केबल थोड्या महाग असतात, त्याच घ्या. व्होल्टेजही बघून घ्या. काही बोर्डांचं सिरियल १.८ व्होल्टचं असतं, तिथे ३.३ ची केबल लावली तर कधी अगम्य अक्षरं येतात, कधी चिपच जाते.

दुसरी भानगड नवख्यांना चक्रावून टाकते. रिलेने वीज तोडली तरी सिरियल केबलच्या टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) तारेतून बोर्डात थोडा करंट झिरपत राहतो. एलईडी मंद जळत असतो, चिप धड बंद नाही आणि धड चालू नाही. पुढच्या वेळी वीज दिली की बोर्ड अडकतो, तेही दर वेळी नाही, अधूनमधून. लॉग बघणारा कर्नलला दोष देतो. मधे आयसोलेटर (विजेचा संपर्क तोडून फक्त संकेत जाऊ देणारा भाग) टाकला की प्रश्न मिटतो.

एसडी कार्डवरून बूट होणारे बोर्ड?

जमत असेल तर कार्डवर फक्त बूटलोडर ठेवा आणि बाकी सगळं नेटवर्कवरून द्या. वारंवार लिहिलं की कार्ड मरतात. बूटलोडरच तपासायचा असेल, तर कार्ड कधी बोर्डाला आणि कधी पीसीला जोडून देणारा एसडी-मक्स मिळतो, तो वापरा.

माझ्याकडे फक्त एक रास्पबेरी पाय आहे. लावू का?

लावा, पण शिकण्यासाठी. जो बोर्ड आधीच अनेक लॅबमध्ये आहे त्याची आणखी एक प्रत लावून जगाला फारसं काही मिळत नाही. अगदीच शून्य नाही. एकाच प्रकारचे दोन बोर्ड दोन ठिकाणी असले तर बिघाड बोर्डाचा की कर्नलचा हे पटकन कळतं. पण खरी किंमत आहे ती कुणाकडेच नसलेल्या बोर्डाला. तुमच्या कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये असलेली, मूळ कर्नलमध्ये सपोर्ट असलेली, पण कोणत्याही लॅबमध्ये नसलेली एखादी चिप शोधा. तिचा एक बोर्ड दहा पायना भारी आहे. कर्नलसीआयच्या डॅशबोर्डवर आत्ता कोणते बोर्ड चालू आहेत ते उघडपणे दिसतं. खरेदीआधी तिथे एक चक्कर मारा.

टेस्ट फेल झाली म्हणजे कर्नल बिघडला, असंच ना?

असं नाही, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

बोर्ड बूट झाला नाही, याची कारणं अनंत आहेत. अ‍ॅडॉप्टर दमला, इथरनेटची केबल सैल आहे, टीएफटीपी सर्व्हरची डिस्क भरली, स्विच हँग झाला, कुणी रिलेवर पेन ठेवलं. यातलं एकही कारण पॅच (बदलाचा कोड) लिहिणाऱ्याच्या हातातलं नाही. त्याला मात्र ‘तुमच्या पॅचने बूट मोडलं’ अशी ईमेल जाते. तो दोन तास घालवतो, काही सापडत नाही. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो त्या लॅबची ईमेल उघडतच नाही. मग तिसऱ्या वेळचा बिघाड खरा असला तरी उपयोग काय?

म्हणून निकाल कळवण्याचा जो सामायिक नमुना कर्नलसीआयने ठरवलाय, त्यात पास आणि फेल याखेरीज आणखी प्रकार आहेत. टेस्ट चालली आणि कोड चुकीचा वागला, तर फेल. टेस्टच बिघडली आणि कोडचं काहीच कळलं नाही, तर एरर. टेस्टला सुरुवातच झाली नाही, तर मिस. लॅबवाल्याने ही वर्गवारी प्रामाणिकपणे करणं हे निम्मं काम. सगळंच फेलमध्ये ढकलणं सोपं असतं.

लाव्हामध्ये यावर एक चांगली सोय आहे, हेल्थ चेक. नक्की चालतो हे माहीत असलेला जुना कर्नल घेऊन प्रत्येक बोर्ड ठरावीक काळाने, सहसा रोज एकदा, बूट करून पाहिला जातो. तोच बूट झाला नाही तर दोष लॅबचा, हे उघड आहे. बोर्ड आपोआप ‘बॅड’ ठरतो आणि त्याला नवे जॉब मिळणं थांबतं. हेल्थ चेक न लिहिता लॅब जोडू नका.

अधूनमधून अडखळणाऱ्या बोर्डाचं नुकसान आकड्यात मांडता येतं. दोषी बदल शोधायला गिट बायसेक्ट (बदलांचा इतिहास तपासणारी कमांड) दर पायरीला निम्मे बदल बाद करतो, त्यामुळे दहा हजार बदलांतून एक शोधायला चौदा पायऱ्या पुरतात. त्यातल्या साधारण सात पायऱ्यांवर कर्नल चांगला असतो. बोर्ड दहातून एकदा उगाचच अडखळत असेल, तर त्या सातांपैकी कुठेतरी चांगल्याला वाईट म्हटलं जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे. आणि एक पायरी चुकली की बायसेक्ट भलत्याच बदलाकडे बोट दाखवतो, तेही छातीठोकपणे. नव्वद टक्के चालणारा बोर्ड माणसाला बरा वाटतो. बायसेक्टसाठी तो नाणेफेकीपेक्षा वाईट.

निकाल पुढे बघतं कोण?

सगळ्यांचे निकाल केसीआयडीबी नावाच्या सामायिक डेटाबेसमध्ये जातात. कर्नलसीआयला जोडलेल्या लॅबखेरीज रेड हॅटच्या सीकेआयसारख्या दुसऱ्या यंत्रणाही आपले निकाल तिथे पाठवतात. म्हणजे एकच बिघाड तीन ठिकाणी दिसला तर तो तीन वेगळ्या ईमेलमध्ये हरवत नाही.

तातडी सगळ्यात जास्त असते ती स्टेबल (आलेल्या आवृत्तीत फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या) कर्नलच्या वेळी. नव्या स्टेबल आवृत्तीचा उमेदवार जाहीर झाला की हरकती कळवायला साधारण ४८ तास मिळतात. तेवढ्यात बिल्ड करायचं, बूट करायचं, टेस्ट चालवायच्या आणि उत्तर पाठवायचं. लिनारोची एलकेएफटी यंत्रणा हे काम नेमाने करते, आणि घरच्या एकदोन मशीनवर तपासून ‘टेस्टेड-बाय’ (मी तपासलं अशी सही) पाठवणारे एकटे लोकही असतात. त्यांचंही उत्तर मोजलं जातं.

लाव्हा घ्यावं की लॅबग्रिड?

ऑक्टोबर २०१८ मध्ये एडिनबराला ऑटोमेटेड टेस्टिंग समिट नावाची बैठक भरली. त्याआधी वेगवेगळ्या गटांकडून त्यांच्या यंत्रणेची माहिती मागवली होती, आणि चित्र असं दिसलं की बोर्डाची वीज बंद-चालू करण्यासारखं साधं कामसुद्धा जो तो आपापल्या पद्धतीने नव्याने लिहीत बसलाय. नंतर निकालांच्या नमुन्यावर बरीच एकवाक्यता झाली. बोर्ड हाताळायच्या पद्धतींवर तितकी झाली नाही, आणि माझ्या मते होण्याची फार गरजही नाही.

लॅबग्रिड जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या पेंगुट्रॉनिक्सकडून आलं. डेव्हलपरने लांबून बोर्ड राखून ठेवावा, त्याच्याशी खेळावं, पायथनमध्ये टेस्ट लिहाव्यात, यासाठी ते फार छान आहे. लाव्हा रांगेतले शेकडो जॉब माणसाविना उरकण्यासाठी बनलंय. पहिले दोन आठवडे लाव्हा डोकं खातं, हे आधीच सांगून ठेवतो. कर्नलसीआयला जोडायचं असेल तर लाव्हाचा रस्ता जास्त मळलेला आहे.

बोर्ड आम्हाला रोजच्या कामालाही हवा असतो. लॅबला दिला तर गेलाच ना?

नाही. लाव्हामध्ये बोर्ड ‘मेंटेनन्स’वर टाकला की बाहेरचे जॉब थांबतात; काम झालं की परत सोडा. बूटलिनने याच गरजेपोटी लाव्हाबो नावाचं एक छोटं टूल लिहिलं: दिवसा इंजिनिअर आपल्या जागेवरून लॅबचा बोर्ड वापरतो, इतर वेळी तोच बोर्ड टेस्टला लागतो.

घरून चालवता येईल का? लोड शेडिंग, स्टॅटिक आयपी वगैरे?

इंटरनेटचं आधी. घरगुती फायबरवर बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, त्यामुळे बाहेरून कुणी तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकत नाही. यावर उपाय असा की लाव्हाचा सर्व्हर एखाद्या स्वस्त क्लाउड मशीनवर ठेवायचा आणि घरी फक्त वर्कर चालवायचा. वर्कर स्वतःहून बाहेर सर्व्हरशी बोलतो, त्याला आत येणारं कनेक्शन लागत नाही. बोर्ड आणि केबल वर्करलाच जोडलेले असतात.

वीज जाणं हा प्रश्न नाही, वीज येणं हा आहे. वीज परत आली की स्विच, पीसी आणि सगळे बोर्ड एकदम उठतात; डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) तयार व्हायच्या आधीच बोर्ड आयपी मागून मोकळे झालेले असतात. बोर्डांच्या तारा रिलेच्या ‘नॉर्मली ओपन’ टोकाला जोडा, म्हणजे वीज आल्यावर बोर्ड बंदच राहतात आणि लाव्हा बोलावेल तेव्हाच उठतात. इन्व्हर्टरवर निदान पीसी, स्विच आणि राउटर ठेवा. विजेचा खर्च वाटतो तेवढा नाही. पाच वॉटचे दहा बोर्ड आणि पीसी-स्विचचे चाळीस वॉट धरले तर नव्वद वॉट, म्हणजे अखंड चालवून महिन्याला ६५ युनिटच्या आसपास.

एप्रिल-मेमध्ये माळ्यावर किंवा बंद कपाटात लॅब ठेवू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्यांना हे वेगळं सांगायला नकोच. उष्म्याने बोर्ड मरत नाही, स्वतःचा वेग कमी करतो; टेस्ट टाइमआउटमध्ये जातात आणि पुन्हा बिचाऱ्या कर्नलवर आळ येतो.

परक्याचा कोड आमच्या नेटवर्कमध्ये चालवायचा, हे सुरक्षित आहे का?

बोर्डावर येणारा कर्नल कालच बदललेला असतो आणि टेस्ट रूट अधिकाराने चालतात. त्यामुळे बोर्ड वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवा; ऑफिसच्या फाइल सर्व्हरशी, घरच्या टीव्हीशी त्यांचा संबंध नको. ईएमएमसीवर (बोर्डावरच्या साठवणीवर) बूटलोडर जिथे असतो तो भाग जमेल तिथे फक्त-वाचन करून टाका, नाहीतर एखादी टेस्ट त्यावर लिहून बोर्डाची वीट करेल. जॉब कोण पाठवू शकतं हे टोकनवर (गुप्त किल्लीवर) ठरतं. टोकन कर्नलसीआयला द्या, वाटत सुटू नका.

हे फक्त कर्नलपुरतंच आहे का?

छे. ग्राफिक्स ड्रायव्हरचा मेसा प्रकल्प याहून कडक आहे. तिथे बदल मुख्य शाखेत जाण्याआधीच खऱ्या जीपीयूंवर तपासला जातो, आणि कोलॅबोरा, इगालिया अशा कंपन्यांच्या लॅब त्यासाठी बोर्ड आणि क्रोमबुक पुरवतात. फायदा उघड आहे. तोटा असा की एखादी लॅब अचानक बंद पडली तर सगळ्यांचेच मर्ज अडकतात, म्हणून त्या लॅबला रांगेतून बाजूला काढायची सोय करून ठेवावी लागते.

कंपायलरवाल्यांचा कंपाइल फार्म आणखी वेगळ्या धाटणीचा. तिथे ऑटोमेशन नाही. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याने अर्ज केला की पॉवर, स्पार्क, मिप्स, रिस्क-व्ही अशा वेगवेगळ्या प्रोसेसरांच्या मशीनवर लॉगिन मिळतं. पुण्यात बसून बिग-एंडियन (बाइट उलट क्रमाने ठेवणाऱ्या) मशीनवर आपला कोड तपासायचा तर याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

पैसे कोण देतं?

बहुतेक वेळा ज्याची लॅब तोच. सामायिक खर्च सदस्य कंपन्यांच्या वर्गणीतून निघतो, आणि तिथे नेहमी ओढाताण असते. २०२० मध्ये एक्स डॉट ऑर्ग फाउंडेशनने जाहीरच सांगितलं की फ्रीडेस्कटॉपच्या (लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पांना जागा देणाऱ्या साइटच्या) गिटलॅब आणि सीआयचं (आपोआप होणाऱ्या चाचण्यांचं) क्लाउड बिल वर्षाला ७५ हजार डॉलरवर चाललंय आणि हे झेपणारं नाही. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीची ओपन सोर्स लॅब कित्येक प्रकल्पांची मशीन सांभाळते. २०२५ मध्ये तिलाही अडीच लाख डॉलरसाठी आवाहन करावं लागलं. बोर्ड दान करायला लोक पुढे येतात. वीज, जागा आणि सांभाळणाऱ्याचा पगार यांना दाता मिळणं कठीण.

कॉलेजमध्ये सुरू करायची आहे. काही सल्ला?

मुलांच्या भरवशावर सुरू करा, मुलांच्या भरवशावर ठेवू नका. उत्साही बॅच चार वर्षांत निघून जाते. टिकणारा माणूस म्हणजे लॅब असिस्टंट. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, रिले आणि केबलवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवा, आणि दिवाळीच्या सुट्टीत कोण येऊन बघणार हे आधीच ठरवा. कॉलेजच्या फायरवॉलसाठी प्राचार्यांचं पत्र लागेल, त्याला सेमिस्टर जाईल असं धरून चाला. आणखी एक, हसू नका: बोर्ड डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढतात, आणि पडताळणीला आलेल्यांना प्रत्येक नग दाखवावा लागतो. बोर्डावर नंबर दिसेल असा लावा, नाहीतर पडताळणीच्या दिवशी चालू लॅबमधले बोर्ड उपसून टेबलावर मांडले जातील.

माझ्याकडे बोर्डही नाही, जागाही नाही. काही करता येईल?

येईल, आणि हल्ली हीच मदत जास्त लागते. रोज ढिगाने येणाऱ्या फेल निकालांपैकी कोणते एकाच कारणाचे आहेत, कोणते लॅबचे आहेत आणि कोणते खरे आहेत, हे वेगळं करायला माणसं कमी पडतात. लॉग सगळ्यांना खुले असतात. रोज अर्धा तास लॉग वाचायची सवय लावलीत तर काही महिन्यांत पॅनिकची पहिली ओळ आणि नंतरचा गोंगाट यातला फरक नजरेला कळू लागतो. रिपोर्ट करताना लॉगची लिंक, बोर्डाचं नाव, शेवटचा चालणारा आणि पहिला न चालणारा कमिट (कोडमधला नोंदलेला बदल), एवढं दिलं तरी मेंटेनर मनापासून आभार मानतो. केसेल्फटेस्ट किंवा एलटीपी या कर्नलच्या चाचणीसंचांमध्ये टेस्ट लिहिणं ही पुढची पायरी.

उद्या लॅब बंद करावी लागली तर?

नोकरी बदलते, घर बदलतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. गुपचूप केबल काढू नका, एवढंच. आधी बोर्ड ‘रिटायर्ड’ करा, म्हणजे रांगेतले जॉब त्यांची वाट बघत बसणार नाहीत. कर्नलसीआयच्या कॉन्फिगरेशनमधून लॅबचं नाव काढणारा पॅच पाठवा आणि तुमचं टोकन रद्द करा. जुने लॉग काही महिने तरी उघडे राहू द्या, कारण कुठल्यातरी बग रिपोर्टमध्ये त्यांची लिंक असते. बोर्ड दुर्मिळ असेल तर मेलिंग लिस्टवर विचारा. दुसरी एखादी लॅब कुरिअरचा खर्च देऊन तो घेऊन जाते.